काचेपलीकडचे आइस्क्रीम

बोस्टनहून मोटारीने सुमारे तीन तासांवर, व्हर्मांट राज्यात वॉटरबरी नावाचे गाव आहे. तिथल्या टेकडीवर 'बेन अँड जेरीज'चा आइस्क्रीम कारखाना आहे. मुलगा बोस्टनला नोकरीला असल्याने सून आणि नात झोया यांच्यासह आम्हाला तो पाहायला मिळाला.

बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड हे शाळेपासूनचे मित्र. पाच डॉलर फीचा आइस्क्रीमचा अभ्यासक्रम पोस्टाने पुरा करून १९७८ साली त्यांनी बर्लिंग्टन शहरात, जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेत दुकान थाटले. बेनला वास नीट येत नसे. खाताना दाताखाली काही तरी लागावे म्हणून त्यांच्या आइस्क्रीममध्ये मोठमोठे तुकडे आले. २००० साली युनिलिव्हरने ही कंपनी विकत घेतली.

कारखाना वरून, काचेतून पाहायचा. दूध, साय, साखर आणि अंड्याचा बलक यांचे मिश्रण आधी तापवून निर्जंतुक करतात, मग घुसळत घुसळत गोठवतात. त्यात हवा मिसळते, म्हणून ते दगडासारखे होत नाही. घरी बर्फ-मीठ भरलेल्या पॉटचा दांडा फिरवतो, तेव्हा आपणही हेच करत असतो. मिठाने बर्फाचे तापमान शून्याखाली जाते आणि फिरवल्याने खडे धरत नाहीत.

शेवटी सर्वांना व्हॅनिलाचे छोटे कप मिळाले. झोयाने चमचा उचलला आणि थांबली. "दादी, हे हलाल आहे ना?"

आम्ही घटकांची यादी मागितली. जिलेटिन नव्हते, पण व्हॅनिलाचा अर्क होता. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे या अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असते. आइस्क्रीममध्ये त्याचे प्रमाण अगदी नगण्य उरते. यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. सूनबाई म्हणाली, "अम्मी, आमचे मौलाना इतक्याला हरकत घेत नाहीत." मी माझा कप बाजूला ठेवला, तिने व झोयाने खाल्ला. कुणी कुणाला टोकले नाही. झोयाला मात्र सांगितले, "बेटा, विचारलेस ते फार चांगले केलेस."

कारखान्यामागे बंद पडलेल्या चवींचे गमतीदार 'कब्रस्तान' आहे. प्रत्येक चवीला शिळा आणि तिच्यावर चार ओळींची कविता! झोया एकेक वाचून हसत होती.

भारतात पाकिटावरची हिरवी खूण जिलेटिन नसल्याचे सांगते, पण इसेन्समधल्या अल्कोहोलबद्दल काही सांगत नाही. उलट नुसते अंडे असले तरी तपकिरी खूण येते, म्हणून ती दिसली की वस्तू हराम, असेही नाही. खुणेवर न थांबता बारीक अक्षरातली यादी वाचावी, आणि मुलांच्या हाती चमचा देण्याआधी वाचावी. समजले नाही तर विचारावे. विचारायला लाज कसली?