आंसाचा धडा

भाईंदरहून उत्तनला सायकलीनें जाण्याचा आमचा जुना परिपाठ; परंतु पन्नाशी उलटल्यावर डोंगरीच्या चढावर गुडघ्यांनीं असहकार पुकारला. तेव्हां चाकाच्या तुंब्यांतच बसणारी २५० वॅटची विजेची मोटर आम्हीं आणिली.

पुस्तिकेंत सारें सोपें होतें. प्रत्यक्षांत मोटरीचा आंस मागच्या चिमट्यांत शिरेना. चिमटा ताणला, तर साखळी तिरपी चालूं लागली. वायसर इकडचे तिकडे करण्यांत दोन दिवस गेले. अखेर गाडी निघाली आणि मुर्ध्याच्या पुढें थांबली. आंसानें चिमट्यांत गरकन् फिरून स्वतःचीच वायर पिळून तोडली होती!

गाडी ढकलीत आम्ही सायकलवाल्याकडे आलों. तो म्हणाला, "सर, मोटर चाकाला पुढें फिरवते, तशी एक्सलला उलटी फिरवणारच. त्याला धरायला कोणी नको?" त्यानें लोखंडी पट्टीला कानशीनें आंसाच्या मापाचें चपटें भोंक केलें, ती आंसावर चढविली आणि तिचें दुसरें टोंक चिमट्याला आवळलें. मजुरी ५० रुपये.

न्यूटनचा तिसरा नियम आम्ही २५ वर्षें शिकवीत आलों आहों. आमच्या एका तासाचें मोल आठवून आम्ही ओशाळलों. लक्ष्मणराव किर्लोस्करहि मुंबईच्या तंत्रशाळेंत शिकवीत. पण त्यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालीं बेळगांवच्या सायकलींच्या दुकानापासून झाला. त्यांचा खडू आणि पाना एकाच हातांत होता.

आतां प्रत्येक चढापूर्वीं आम्ही त्या पट्टीचा नट चाचपून पाहतों. पुढील वर्षीं तो नियम शिकवितांना ती पट्टी वर्गांत नेणार आहों, आणि शक्य झाल्यास तिच्या कर्त्यालाहि.