अम्मींची सुरमेदानी

जुन्या नाशकात आमचे एकत्र कुटुंब आहे. धाकट्या दिराचा मुलगा चौदा महिन्यांचा झाला तरी अंग धरेना. सारखी किरकिर, पोट साफ नाही, रक्तही कमी. डॉक्टरांनी खाणेपिणे विचारले, घराचा रंग किती जुना तेही विचारले, आणि मग त्याच्या डोळ्यांकडे पाहून म्हणाले, "हा सुरमा रोज घालता?"

रोजच. छटीच्या दिवसापासून. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, मगरीबच्या आधी त्याला मांडीवर घेऊन पितळी सुरमेदानीतली सलाई फिरवत. डोळे मोठे होतात, नजर लागत नाही, शिवाय सुन्नत.

रक्त तपासले. दर डेसिलिटरमागे ११ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. हे प्रमाण ५ झाले की शिसे कुठून येते ते शोधून बंद करा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; पूर्ण निर्धोक असे प्रमाण कोणतेच नाही. मूल डोळे चोळते आणि तीच बोटे तोंडात घालते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात. इजा मेंदूला होते, ती भरून येत नाही. 'लक्ष देत नाही' असा शेरा मी वीस वर्षांत किती प्रगतिपुस्तकांवर लिहिला असेल!

अम्मी रागावल्या. "सात लेकरांना घातला. कुणाचे काय बिघडले?" मी सांगून पाहिले की हदीसमध्ये नाव आहे ते 'इस्मिद'चे, आणि अरबीत आज तो शब्द अँटिमनी या धातूसाठी वापरतात. बाजारातल्या कित्येक सुरम्यांत मात्र गॅलिना नावाचा चकचकीत काळा दगड दळलेला असतो. तो म्हणजे शिसे आणि गंधक. डबीवर इस्मिद छापले, ती उमऱ्याहून आणली, म्हणून आतला दगड बदलत नाही. अम्मींनी तोंड फिरवले.

मग मला त्यांच्या अब्बांची आठवण झाली. ते भांडी बाजारात कल्हई करत. कथलाची कांडी कानाजवळ वाकवून तिचा करकर आवाज ऐकत. आवाज आला नाही तर शिशाची भेसळ समजून परत करत. हे अम्मींनीच मला सांगितले होते. मी एवढेच म्हटले, "अम्मी, नाना दुधाच्या पातेल्याला जे लागू देत नसत, तेच यात आहे."

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग स्वतःच सुरम्याची पुडी बांधून माझ्या हातात दिली.

डॉक्टरांनी लोहाचे औषध दिले. लोह कमी असले की शिसे अधिक शोषले जाते. तीन महिन्यांनी आकडा ६ वर आला. अजून एक तपासणी बाकी आहे.

ईदच्या सकाळी घरातली सगळी मुले सवयीने डोळे मिटून अम्मींपुढे उभी राहिली. अम्मींनी प्रत्येकाच्या कानामागे अत्तराचा फाया लावला. धाकट्याने तो लगेच ओढून तोंडात घातला, आणि आम्ही तिघी एकदम धावलो.