कमंडलूतला हत्ती



पाऊस थांबायचं नाव घेत नाही, पोटात कावळे ओरडताहेत आणि उज्जैनीबाहेरच्या एका बागेत ठगांचे पाच म्होरके अडकून पडलेत. ‘धूर्ताख्यान’ हे असं सुरू होतं. आमच्या पावण्याला एमआयडीसीत पाणी साचलं की युनिटमधली माणसं अशीच पत्र्याखाली बसून थापा मारतात, त्यामुळे मला पुस्तक लगेच आपलं वाटलं.

हे आठव्या शतकातल्या आचार्य हरिभद्रसूरींचं पुस्तक. भाषा महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची आजीच. १९४४ साली मुंबईत ते सिंघी जैन ग्रंथमालेत छापलं गेलं आणि त्यावरचा मोठा अभ्यास लिहिला सदलग्याच्या, कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. आ. ने. उपाध्यांनी. ग्रंथ श्वेतांबर आचार्यांचा, अभ्यासक दिगंबर. (भिशीत कोण कुठल्या पंथाची हे मोजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

तर ठगांची पैज अशी. प्रत्येकाने आपल्यावर गुदरलेला प्रसंग सांगायचा. जो ‘खोटं’ म्हणेल त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. पण रामायण, महाभारत, पुराणांतला दाखला देऊन प्रसंग खरा ठरवला, तर तो सुटला.

मूलश्री सांगतो, रानटी हत्ती मागे लागला म्हणून मी कमंडलूत शिरलो. हत्तीही तोटीतून आत आला. सहा महिने आम्ही आत फिरत होतो. शेवटी मी तोटीतून बाहेर पडलो, हत्तीही पडला, फक्त त्याच्या शेपटीचा एक केस तोटीत अडकला! दुसरा ठग शांतपणे पुराणातले दाखले देतो. त्यात काय, होतं असं.

पण बाजी मारते ती पाचवी, खंडपाना. ती म्हणते, मी राजाच्या धोब्याची मुलगी. आमचे कपडे हरवले, नोकर पळाले. ते नोकर तुम्हीच, आणि तुमच्या अंगावर आहेत तेच ते कपडे. आता बोला! खरं म्हणालात तर माझे चाकर, खोटं म्हणालात तर जेवण घाला. चौघेही गप्प.

गेल्या चातुर्मासात मी हे घरी सांगितलं. सासूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. दुसऱ्यांच्या पुराणांची फजिती होती ना! मग नववीतल्या पुतणीने विचारलं, “काकू, आदिनाथ भगवंतांची उंची ५०० धनुष्य, म्हणजे २००० हात. आणि आयुष्य ८४ लाख पूर्व. हे मूलश्रीने सांगितलं असतं तर?”

सासूबाईंचं हसू थांबलं. ताटंही त्यांनी जरा जोरातच उचलली.

मला तो प्रश्न उद्धट वाटला नाही. याच हरिभद्रांनी ‘लोकतत्त्वनिर्णया’त सांगून ठेवलंय, की मला महावीरांचा पक्षपात नाही आणि कपिलांचा द्वेष नाही, ज्याचं म्हणणं युक्तीला धरून असेल त्याचं घ्यावं. मग ती फूटपट्टी आपल्या उंबऱ्यापाशी का मोडायची? मला वाटतं, शेजारणीच्या देवावर हसण्याचा हक्क आपल्याला नंतर. आधी स्वतःच्या घरावर. आमच्या मजल्यावर आगरी कुटुंब आहे, गौरीची ओवशाची सुपं माझ्याही दारात येतात. त्यांच्यासमोर मूलश्रीची गोष्ट मी सांगणार नाही.

आमच्या घराची आख्यानं काय कमी आहेत! सूर्यास्ताला चार मिनिटं उरली की सासरे जेवत नाहीत, लढतात. कांदा घरात येत नाही, पण ह्यांच्या डब्यावरचं झाकण युनिटमधून परत येतं तेव्हा त्याला भज्यांचा वास असतो. एक आत्याबाई मौन पाळतात आणि पाटीवर लिहून भांडतात.

हरिभद्र मूळचे चित्तोडचे मोठे विद्वान ब्राह्मण. असं सांगतात की, ज्याचं बोलणं मला कळणार नाही त्याचा मी शिष्य होईन, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. याकिनी नावाच्या साध्वी गाथा म्हणत होत्या, ती त्यांना कळेना. पुढे आयुष्यभर त्यांनी स्वतःला याकिनी महत्तरेचा मुलगा म्हणवून घेतलं.

हे ऐकून सासूबाई पुतणीला म्हणाल्या, “तुझा तो धनुष्याचा प्रश्न वहीत लिहून ठेव. माताजी विहारात या बाजूला आल्या की विचारू. मीच विचारते, तू नको.”

पुतणीने लिहिलाय. खाली आणखी सहा प्रश्न आहेत. त्यातला एक आत्याबाईंच्या पाटीबद्दल आहे.