भुंडी शेळी

जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. रंगाने बहुधा काळी, उंच पायांची, जुळी देण्यासाठी नावाजलेली. बोकडांना बहुतेक शिंगे असतात. शेळ्यांत भुंड्याही पुष्कळ. आमच्या घरी भुंडी शेळी बायकांच्या आवडीची, कारण धार काढताना तिने ढुशी दिली तरी लागत नाही. बोकड मात्र शिंगांचाच हवा, हा आजोबांचा हट्ट. त्यांचे कारण रुबाबाचे होते.

युरोपातील शेळीपालकांचा अनुभव असा, की भुंड्या बोकडाला भुंडी शेळी लावली तर काही करडे ना धड पाठ, ना धड बोकड अशी निपजतात. २००१ साली फ्रेंच संशोधकांनी त्याचे मूळ शोधले. या शेळ्यांच्या डीएनएमधून दहा-बारा हजार अक्षरांचा एक तुकडा गळाला होता. गंमत अशी, की त्यात प्रथिनाचा मजकूर नव्हताच. फॉक्सएल-२ हे प्रथिन घडवणारे जनुक तिथून जवळजवळ तीन लाख अक्षरे दूर, शाबूत होते; हरवले होते ते त्याला जागे करणारे ठिकाण. आईबाप दोघांकडून हा दोष आला, की मादी गर्भात फॉक्सएल-२ मुके राहते आणि अंडाशयाच्या जागी वृषण घडू लागते.

हे प्रथिन स्वतः डीएनएला बिलगून इतर जनुके चालू-बंद करते. वृषण घडवणाऱ्या सॉक्स-९ला ते गप्प ठेवते. काहीच घडले नाही तर मादी होते, असे आम्हाला कॉलेजात शिकवले गेले. ते वाक्य मला तेव्हाही खटकले होते. २००९ साली प्रौढ उंदरिणीच्या अंडाशयातून फॉक्सएल-२ काढून टाकले, तेव्हा तिथल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे ही राखण जन्मभराची.

माणसात हेच प्रथिन पापण्या घडतानाही लागते. त्याच्या जनुकात दोष असलेल्यांच्या पापण्या जन्मतः अरुंद, झुकलेल्या असतात आणि काही स्त्रियांची पाळी ऐन तारुण्यात थांबते. हे वाचताना गावातली एक अर्धमिटल्या डोळ्यांची बाई आठवली. तिचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. नवऱ्याने दुसरी केली, आणि शेळ्यांच्या जुळ्यांचे कौतुक करणाऱ्या त्या गावात बारशाचे बोलावणे तिच्या दाराला वळसा घालून पुढे जात असे.