मागच्या रांगेत बसून ठरवा

पुणे

चि. सौ. माईस मामाचे अनेक आशीर्वाद.

सफारी घ्यायची की स्कॉर्पिओ-एन, हा प्रश्न तू माझ्यावर सोपवलास. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण पैशाचा आकडा मोठा आहे आणि गाडी दहा-बारा वर्षं दारात राहणार आहे. त्यातून घरात दोन तट पडलेत असं तुझ्या आईकडून कळलं. जावईबापूंचा जीव स्कॉर्पिओवर, तुझा कल सफारीकडे, आणि सासूबाई म्हणतात, "मला चढता-उतरता आलं म्हणजे झालं." माझ्या मते तिघांत मुद्द्याचं त्याच बोलल्या. म्हणून सविस्तर लिहितो. पत्र जावईबापूंनाही वाचायला दे.

आधी डिझेलचं. हल्लीच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात ती. साचलेली काजळी आपोआप जळायला इंजिन बराच वेळ सलग तापून चालावं लागतं. गाडी रोज शाळा, भाजी मंडई आणि घर एवढीच फिरली तर ती जाळी तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. अशा घराने डिझेल घेऊच नये. तुमचं तसं नाही. जावईबापू दर आठवड्याला कऱ्हाडहून पुण्याला हायवेने येतात, म्हणजे खंबाटकीपर्यंत जाळी साफ झालेली असते. आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात भरल्या गाडीने कुंभार्ली उतरून गुहागरला जाणं ठरलेलं. परतीला तोच घाट चढताना डिझेलचा कमी वेगातला जोर उपयोगी पडतो. महाराष्ट्रात डिझेलवर रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा 2 टक्के जास्त आहे, तो तुमच्या फिरण्यातून भरून निघेल. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून या मोठ्या गाड्यांवरचा कर जीएसटी आणि सेस मिळून 50 टक्के होता तो 40 टक्क्यांवर आला आहे. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरच्या दिल्लीतल्या नियमाची धास्ती घेऊ नका, तो आपल्याकडे नाही. तेव्हा डिझेल पक्कं धरा.

आता दोन गाड्या. कागदावर त्या सख्ख्या बहिणी वाटतात. सफारी 4668 मिलिमीटर लांब, स्कॉर्पिओ-एन 4662. रुंदीतही 5 मिलिमीटरचाच फरक. सफारीचं इंजिन 1956 सीसीचं, 170 पीएस आणि 350 न्यूटन-मीटर टॉर्कचं. स्कॉर्पिओ-एनचं 2184 सीसीचं, वरच्या मॉडेलांत 175 पीएस, टॉर्क मॅन्युअलला 370 आणि ऑटोमॅटिकला 400. दोन्हींना सहा गिअर, दोन्ही आपल्याच मातीतल्या, एक पिंपरीची आणि एक चाकणची. शोरूममधला माणूस हे आकडे वाचून दाखवेल, पण त्यांवरून तुमचा निर्णय होणार नाही. खरा फरक फरशीच्या खाली आहे. माझं आयुष्य गाड्यांचे सुटे भाग बनवण्यात गेलं, म्हणून तो नीट समजावून सांगतो.

स्कॉर्पिओ-एनला खाली लॅडर फ्रेम आहे. ट्रकला असते तशी वेगळी पोलादी चासी, आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. सफारीला अशी वेगळी चासी नाही. बॉडी हीच चासी, आणि ताकद पुढच्या चाकांना. 1998 साली आलेली जुनी सफारी चासीवरची होती, ती 2019 मध्ये बंद झाली. 2021 ला आलेली सफारी नावाने तीच असली तरी तिचा पाया लँड रोव्हरच्या डी8 या रचनेवरून घडवलेला, साफ वेगळा आहे. म्हणून जुन्या सफारीच्या आठवणीवर ही गाडी घेऊ नये. चिखल, चढ, दगडधोंडे हा जुन्या सफारीचा बाणा आज स्कॉर्पिओ-एनकडे आहे. तिच्या वरच्या डिझेल मॉडेलांत चारही चाकं ओढणारी, लो-रेंजवाली व्यवस्था मिळते. सफारीत ती कुठल्याच मॉडेलला मिळत नाही.

इथे जावईबापूंची बाजू मी मनापासून मांडतो. भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात. ओल्या, निसरड्या चढावर पुढच्या चाकांची गाडी तिथेच भुरभुर चाकं फिरवते, मागच्या चाकांची गाडी रेटून वर जाते. तुमचं गुहागरचं घर लाल मातीच्या खड्या पाणंदीच्या टोकाला असतं, तर मी डोळे मिटून स्कॉर्पिओ-एन सांगितली असती. पण तुमच्या अंगणापर्यंत डांबर आहे. मग वर्षभर त्या चासीची किंमत कोण मोजणार? मागे बसणारे.

ती कशी, ते सांगतो. चासी खाली असली की फरशी वर येते. छप्पर मात्र मनाला येईल तेवढं उंच करता येत नाही, म्हणून तिसऱ्या रांगेची सीट फरशीच्या मानाने बुटकी राहते. तुझ्या मामीला मी दोन्ही गाड्यांत मागे बसवून पाहिलं. स्कॉर्पिओ-एनमध्ये मधली सीट पुढे उलटली, तिने एक हात दाराच्या चौकटीला धरला, पाय उंच टाकला आणि दुसऱ्या हाताने आधार शोधत क्षणभर तशीच थांबली. बसल्यावर गुडघे पोटाशी आले आणि मांडीखाली माझा पंजा सहज सरकेल एवढी फट राहिली. म्हणजे सगळा भार बैठकीच्या हाडांवर. सफारीत दोन कॅप्टन सीटांच्या मधून ती वाकून सरळ मागे गेली. गुडघे तिथेही उंचच, पण मांडी सीटला टेकली. शिवाय एसीचा झोत तिच्या कानाशी येत होता. स्कॉर्पिओ-एनच्या त्या गाडीत तिसऱ्या रांगेला एसीची तोंडंच नव्हती. मे महिन्यात चिपळूण ओलांडताना याचा अर्थ काय होतो ते तुला सांगायला नको.

दुसरी गोष्ट घाटाची. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास वरच येते, त्यामुळे प्रत्येक हिसका आधी तिथल्या माणसाला लागतो. स्कॉर्पिओ-एनमध्ये डिफरन्शियलसकट अख्खा जड ॲक्सल त्या रांगेखाली वर-खाली होतो. तो नीट जखडून ठेवायला त्यांनी चांगली रचना केली आहे, पण वजन ते वजनच. त्यात गाडी उंच, म्हणून वळणावर झुलते जास्त. सफारीचा मागचा भाग हलका आणि बुटका. तुझ्या धाकटीला कोयनानगर सोडलं की गाडी लागते. तिच्यासाठी हा फरक मोठा आहे.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. ग्लोबल एनकॅपने दोन्ही गाड्या आदळून पाहिल्या आहेत. मोठ्या माणसांसाठी दोन्हींना पाच तारे. पण लहान मुलांसाठी 2022 च्या चाचणीत स्कॉर्पिओ-एनला 49 पैकी 28.93 गुण आणि तीन तारे मिळाले, तर 2023 च्या चाचणीत सफारीला 49 पैकी 45 गुण आणि पाच तारे. भारत एनकॅपनेही सफारीला दोन्हीकडे पाच तारे दिले. स्कॉर्पिओ-एन कच्ची गाडी आहे असा याचा अर्थ नाही. पुढे बसणाऱ्यांना ती उत्तम जपते. पण तुमच्या गाडीत पाच वर्षांची मुलगी असणार आहे, तिच्यासाठी 49 पैकी किती हा आकडा पीएसच्या आकड्यापेक्षा आधी वाचायचा.

यावरून माझा सल्ला असा. सफारी घ्या, आणि सात ऐवजी सहा सीटची घ्या. पुढे तुम्ही दोघं. मधे एका कॅप्टन सीटवर सासूबाई आणि दुसरीवर धाकटीची चाइल्ड सीट. ती आयसोफिक्सच्या कड्यांना कायम पक्की राहील, कारण मागे जायला मधून वाट आहे. दर वेळी सीट उलटायची कटकट नाही. मागे थोरला, आणि गणपतीला येणारी नणंद. मात्र तिसरी रांग उभी असली की डिकीत 73 लिटरच जागा उरते, म्हणजे दोन पिशव्या. ही अडचण दोन्ही गाड्यांत आहे. सहा माणसं असतील तेव्हा सामानासाठी छतावर कॅरिअर लागेल, त्याचे पैसे आत्ताच हिशेबात धरा. ऑटोमॅटिक परवडत असेल तर घ्या, पण घाट उतरताना गिअर हाताने खाली ठेवायची सवय जावईबापूंनी लावून घ्यावी. रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्या बघून गाडी सांभाळणारी ती नवी यंत्रणा हायवेवर बरी. कुंभार्लीत पट्ट्याच दिसत नाहीत तिथे तिच्या भरवशावर राहू नये.

माझ्या शब्दावर मात्र बुकिंग करू नका. टेस्ट ड्राइव्हला सगळ्यांना घेऊन जा आणि दोन्ही गाड्या पाटणच्या दिशेने खराब रस्त्यावर न्या. जाताना जावईबापूंनी चालवावी, येताना त्यांनी तिसऱ्या रांगेत बसावं. हे माझं खास मागणं आहे. गाडी निवडणारा माणूस जन्मभर स्टिअरिंगमागे बसतो आणि मागच्यांचे हाल त्याला कधी कळत नाहीत. सासूबाईंना दोन्ही गाड्यांत दोन-दोन वेळा चढू-उतरू दे आणि त्यांचं मत शेवटचं माना.

आणि गाडी कुठलीही आली तरी एक नियम पहिल्या दिवसापासून घरात लावा. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले. गाडी महागडी आणि मजबूत होती, पण मागे बसलेल्या मिस्त्रींनी बेल्ट लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. मागच्यांनी बेल्ट लावणं कायद्यानेही बंधनकारक आहे, आणि आपल्याकडे तेच कुणी पाळत नाही. सासूबाईंनी, नणंदेने, थोरल्याने, सगळ्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी अंगणातून हलवायची नाही, एवढं मला वचन दे.

तुझा,
मामा