हैदराबादचे चार दिवस

वाशीम जिल्ह्यातली माणसे हैदराबादला जातात ती बहुधा दवाखान्यासाठी, लग्नाच्या बस्त्यासाठी किंवा नोकरीसाठी. नुसत्या विश्रांतीसाठी जातो म्हटले की ऐकणारा पुन्हा विचारतो. आम्ही बहीण-भाऊ गेल्या हिवाळ्यात तसेच गेलो.

त्याआधीची तीन वर्षे अम्मी अर्धांगवायूने अंथरुणावर होती. तिचे सगळे मी करायची. शेत, दुकान आणि दवाखान्याचा खर्च भाईजान बघायचे. आम्ही रोज बोलत होतो, पण गोळ्या, तपासण्या आणि उधारी यांपलीकडे विषय नसे. अम्मीचा इंतकाल झाल्यावरही रात्री दोन वाजता मला जाग यायची. ती तिची कूस बदलायची वेळ होती. भाईजानही शेतातून येऊन गप्प बसून राहायचे. शेवटी भाभीच म्हणाल्या, "सोयाबीन निघाले, तुरीला अजून वेळ आहे. दोघे चार दिवस कुठेतरी जाऊन या. मुलांना मी बघते."

मोहल्ल्यात कुजबुज झाली. आईला जाऊन किती दिवस झाले, आणि ही फिरायला निघाली! पण पती वारला तर बाईसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत आहे. इतर कोणाच्याही मृत्यूसाठी शोकाची मुदत शरीयतने तीन दिवसच ठेवली आहे. दुःख त्यापुढेही राहते, पण चेहऱ्यावर ते मिरवत राहण्याची सक्ती दीनने केलेली नाही. शिवाय सख्खा भाऊ महरम. बहिणीला प्रवासाला नेण्यासाठी त्याच्यापेक्षा योग्य सोबत कोणती?

मंगरूळपीरहून एस.टी.ने वाशीमला आलो आणि तिथून रेल्वेने काचीगुड्याला. अकोला-पूर्णा मार्ग 2008 मध्ये रुंद झाला, तेव्हापासून हिंगोली, नांदेड, निजामाबादवरून जाणे सोपे झाले आहे. या शहराशी आपले नाते जुने आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्याआधी तो निजामाच्या राज्यात होता. तिथली बोलीही परकी वाटत नाही. चहावाल्याने "नक्को?" विचारले आणि भाईजान हसले. दखनीतला हा शब्द आपल्या मराठी 'नको'तून गेलेला. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहिले.

मी या शहरात पूर्वी दोनदा आले होते, अम्मीला घेऊन. तेव्हा पाहिले ते फक्त दवाखान्याचे जिने आणि औषधांची दुकाने. या वेळी पहिल्या दिवशी आम्ही लॉजवर झोपलो. जोहरला उठले, कस्रची दोन रकात फर्ज अदा केली आणि पुन्हा पडले. प्रवाशासाठी चार रकातींच्या दोन होतात, हे लहानपणीच शिकले होते. प्रवाशाच्या थकव्याचा विचार खुद्द दीनने केला आहे, हे त्या दुपारी मनाला भिडले.

संध्याकाळी चारमिनार. 1591 मध्ये मुहम्मद कुली कुतुबशाहने तो बांधला. प्लेगची साथ सरली, त्याची आठवण म्हणून, असे सांगतात. शेजारी लाड बाजारात लाखेच्या बांगड्यांवर खडे बसवणारे कारागीर दिसतात. भाभींसाठी बांगड्या घेतल्या, इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे घेतली.

दुसऱ्या दिवशी सालारजंग म्युझियम. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची बुरखा घेतलेली रिबेका तिथे आहे. चेहऱ्यावरचा झिरझिरीत पडदाही संगमरवराचाच, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. तासाचे टोले देणारा छोटा माणूस असलेले घड्याळ बघायला सगळे लहान मुलांसारखे थांबतात. आम्हीही थांबलो.

तिथून मुसी नदी ओलांडली की उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसीला महापूर आला, हजारो माणसे गेली. या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले, असे सांगतात. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने पूर अडवण्याचे काम हाती घेतले गेले. 1920 मध्ये उस्मान सागर आणि 1927 मध्ये हिमायत सागर पूर्ण झाले. एवढ्या आघातानंतर शहराला सावरायला वीस वर्षे लागली. तीन वर्षांच्या थकव्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत ताजेतवाने व्हावे, असे मी स्वतःकडून का मागत होते?

तिसऱ्या दिवशी गोवळकोंडा. दरवाज्याच्या घुमटाखाली वाजवलेली टाळी वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. भाईजान खाली थांबले, मी वर चढले आणि टाळी खरेच आली. जवळच कुतुबशाही मकबरे आहेत. 2013 पासून आगा खान ट्रस्टने त्यांची मोठी दुरुस्ती केली. तिथे हयात बख्शी बेगमचीही कबर आहे. 1626 मध्ये पती वारला, मुलगा लहान होता, तरी तिने राज्याचा कारभार सांभाळला.

शेवटच्या दिवशी मक्का मशिदीच्या प्रांगणात बसलो. कबुतरे उडत होती. भाईजान एकदम म्हणाले, "अब्बांची तीन एकर अजून सामायिकच आहे. हिशेबाने एक एकर तुझे. परत गेल्यावर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देऊ. सातबाऱ्यावर तुझे नाव लागायला हवे." मी काही मागितले नव्हते. अब्बा गेले त्याला सात वर्षे झाली होती. आधी आजारपण, मग कर्ज, विषय निघालाच नाही. घरात तो बहुधा निघालाही नसता. तिथे दारात कोणी उभे नव्हते, फोन वाजत नव्हता आणि आम्हा दोघांना बोलायला वेळ होता.

कोणाला जायचे असेल तर शुक्रवारी म्युझियम बंद असते, ते लक्षात घेऊन दिवस ठरवा. गोवळकोंडा सकाळी लवकर चढा. साधी लॉज, शहर बस आणि घरून नेलेल्या दशम्या-चटणी एवढ्यावर आमचे भागले.

परतल्याच्या आठवड्यात अर्ज दिला. फेरफार मंजूर झाला, अल्हम्दुलिल्लाह. रात्री दोनला अजूनही कधी कधी जाग येते. मग वजू करून दोन रकात नफिल पढते, अम्मीसाठी दुआ करते, आणि झोप लागते.