उपटलेल्या खुंट्या

आठवीनंतरच्या सुट्टीत मामेभावाने 'हूट' वाचायला दिलं. कार्ल हायासेन या अमेरिकन पत्रकाराची ही मुलांसाठी लिहिलेली पहिली कादंबरी, २००२ साली आलेली. माझं इंग्रजी बेताचंच. मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचत होतो, तरी चार दिवसांत संपवलं. पाचव्या दिवशी मी एक उद्योग केला, आणि तो घरात सांगायला मला सोळा वर्षं लागली.

आधी कादंबरी. फ्लोरिडातल्या एका काल्पनिक गावात, रिकाम्या प्लॉटवर पॅनकेकच्या रेस्टॉरंटची नवी शाखा होणार असते. त्या प्लॉटवर जमिनीत बिळं करून राहणारी घुबडं असतात. वीतभर उंचीची, दिवसाढवळ्या बिळाच्या तोंडाशी उभी राहून टकामका बघणारी. (घुबड झाडावर न राहता बिळात राहतं हे मला खरंच वाटेना. पण राहतं.) बुलडोझर फिरला की बिळं बुजणार. मग मलेट फिंगर्स नावाचा एक अनवाणी, शाळाबिळा सोडलेला पोरगा रात्री येऊन सर्वेच्या खुंट्या उपटतो. साइटवरच्या फिरत्या संडासात मगरीची पिल्लं सोडतो. पहाऱ्यावर डुलकी लागलेल्या पोलिसाच्या गाडीच्या काचा काळ्या रंगवून टाकतो. गावात नव्याने आलेला रॉय त्याच्यात ओढला जातो. शेवटी भूमिपूजनाच्या कार्यक्रमातच पोरं हातात हात घालून उभी राहतात, कंपनीने दडवलेला पर्यावरणाचा अहवाल बाहेर येतो आणि घुबडं वाचतात.

तेराव्या वर्षी एवढं वाचल्यावर कोण गप्प बसेल?

माझ्या बाबतीत एकच अडचण होती. बुलडोझर आमचाच होता. म्हणजे जेसीबी. बाबा खोदाई-भरावाची कामं घ्यायचे, जेसीबी कर्जावर घेतलेला होता आणि माझी फी त्यातूनच भरली जायची. त्या मे महिन्यात नाशिकच्या बाहेर एका प्लॉटचं काम चालू होतं. मी बाबांच्या मागे स्कूटरवर बसून जायचो. तिथल्या वॉचमनचा मुलगा माझ्याच वयाचा. पत्र्याच्या खोलीत राहायचा, दिवसभर अनवाणी फिरायचा. त्यानेच मला टिटवीची अंडी दाखवली. काही घरटंबिरटं नाही, उघड्या मुरमात जरासा खळगा आणि त्यात चार ठिपकेदार अंडी, टोकं आत करून ठेवलेली. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नव्हती. टिटवी मात्र डोक्यावरून घिरट्या घालत नुसती कोकलत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी त्या बाजूच्या अकरा खुंट्या उपटल्या आणि फक्कीच्या रेषा बुटाने पुसून टाकल्या. खुंट्या नाल्यात फेकल्या. घरी येताना छाती अशी भरून आली होती की बस.

सकाळी लाइनआउट पुन्हा करावं लागलं. अर्धा दिवस गेला, मशीन उभं राहिलं. फक्कीवर अनवाणी पावलं उमटलेली होती. ती असणारच, तो पोरगा राहायचाच तिथे. बाबांनी वॉचमनला बोल बोल बोललं आणि त्या दिवसाची हजेरी कापली. वॉचमनने पोराच्या थोबाडीत मारली. मी स्कूटरजवळ उभा होतो. पोराने माझ्याकडे पाहिलं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही, कारण मी खाली बघत होतो.

पुढचा भाग कोणत्याच कादंबरीत बसत नाही. दुपारी मशीन त्या बाजूला गेलं तेव्हा ऑपरेटरनेच खाली उतरून हाक मारली, "शेठ, इथं अंडी हायेत." बाबांनी येऊन पाहिलं, चार दगड ठेवायला लावले आणि म्हणाले, "दुसऱ्या टोकाकडून घ्या." एवढंच. म्हणजे मी जेवताना नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं. चार-पाच दिवस दगड तसेच होते. मग एका सकाळी अंडी नव्हती. कुत्रं म्हणा, मुंगूस म्हणा. टिटवी दोन दिवस ओरडत राहिली आणि मग मशीन तिथेही फिरलं.

पंचतंत्रातली टिटवी आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. समुद्र अंडी नेतो, पक्षी गरुडाकडे जातात, गरुड विष्णूकडे, आणि समुद्र निमूटपणे अंडी परत करतो. 'हूट'मध्ये विष्णूच्या जागी फाइलमधून गायब झालेला अहवाल येतो. मला दोन्ही शेवट आवडतात. मुलांच्या पुस्तकात अंडी परत मिळावीतच. माझी कुरकुर वेगळी आहे, आणि ती पुस्तकाबद्दल कमी, वाचणाऱ्याबद्दल जास्त.

गेल्या वर्षी 'हूट' पुन्हा वाचलं. पहिल्या वेळी ज्याच्यावर मी खो खो हसलो होतो तो कर्ली, साइटचा फोरमन, या वेळी मला बाबांसारखा दिसला. वरचा साहेब फोनवर ओरडतोय, तारीख पुढे जातेय, रात्री साइटवरच झोपावं लागतंय. हायासेन त्याची टिंगल करतो, पण त्याची भीतीही खरी लिहितो. रॉयलाही खुंट्या उपटणं पचत नाही, तो घुबडांचे फोटो काढून पुरावा गोळा करायला बघतो. हे सगळं पुस्तकात होतं. मी तेव्हा वाचलंही होतं. पण मला मलेट फिंगर्स व्हायचं होतं, पायात नवे बूट घालून. त्या साइटवर अनवाणी पोरगा एकच होता, आणि थप्पड त्याला बसली.

दिवाळीत बाबांना सांगितलं. ते फराळाची बशी हातात धरून बराच वेळ गप्प होते. खुंट्यांबद्दल काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्याची हजेरी कापली होती मी." थोड्या वेळाने विचारलं, "काय रे नाव त्या पोराचं?"

मला आठवेना. त्यांनाही नाही.